शब्द ‘थिटे’ पडतात की ‘अपुरे’? कमी पडण्याच्या शब्दांचा धागा

मुद्राराक्षस :
एका स्मरणिकेची मुद्रितं तपासायची आहेत. त्यात एकाच पानावर ही चार वाक्यं आली आहेत :

१. त्यांच्या कार्याचं वर्णन करायला शब्द तोकडे पडतात.
२. संस्थेकडे मनुष्यबळ थिटं आहे.
३. या वर्षी जमलेली देणगी उणी आहे.
४. पत्र्याच्या शेडची अपुरी उंची ही मोठी अडचण आहे.

व्याकरण चोख, अर्थ कळतो, तरी चारही वाक्यं कानाला खटकतात. जागा बदलल्या की बरी वाटतात : शब्द थिटे, मनुष्यबळ अपुरं, देणगी तुटपुंजी, उंची नुसती कमी. असं का होतं?

माझा अंदाज असा की सगळे शब्द ‘कमी’च सांगतात, पण प्रत्येकाच्या मनात वेगळं माप असतं. ‘अपुरा’ला किती हवं होतं ते ठाऊक असतं. ‘थिट्या’ला कुठेतरी पोचायचं असतं. ‘तोकड्या’ला काय शोभतं याचं मत असतं. ‘उणा’ कोणाच्या तरी शेजारी उभा करून बघावा लागतो. हे मोडणारी उदाहरणं द्या. नुसता प्रतिशब्द नको, वाक्य द्या.

काथ्याकूट :
थीटा म्हणजे त्रिकोणाचा कोन. बाकी चालू द्या.

सुईदोरा :
‘तोकडा’बद्दल सहमत. शिवणकामात हा काम करणाऱ्याचा शब्दच नाही, बघणाऱ्याचा आहे. कापणारा ‘आखूड’ म्हणतो. बाही दोन इंच आखूड, उंची एक इंच आखूड. ‘दोन इंच तोकडी बाही’ कोणी म्हणत नाही. सोपी कसोटी घ्या : ज्या शब्दाआधी आकडा बसतो तो मापाचा, बसत नाही तो मताचा. आखूड बाही लोक सांगून शिवून घेतात. तोकडी बाही कोणी सांगून शिवत नाही, ती दुसरा कोणीतरी ठरवतो.

कापड मात्र आखूडही नसतं आणि तोकडंही नसतं. ते कमी पडतं, आणि कशात कमी पडलं ते सांगावं लागतं : लांबीत की पन्ह्यात, म्हणजे रुंदीत. एखाद्या सदऱ्याला ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पुरत असेल तर ३६ इंची पन्ह्याचं तीन मीटरच्या वर घ्यावं लागतं, कारण पाठ-पोटाच्या शेजारी बाही बसत नाही. दुसरं कारण आटणं. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटू शकतं, म्हणून ते आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मग कापतात. तिसरं कारण एकाच दिशेची छाप. पानं-फुलं सगळी वर तोंड करून असली की तुकडे उलटसुलट लावता येत नाहीत आणि कोपरे वाया जातात.

शिवून झाल्यावर कमी पडलं तर ‘माया’ असेल तेवढीच मदत. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून प्रत्येक कडेचा अर्धा इंच सोडला तर कडा चार, म्हणजे घेर दोन इंचांनी वाढतो. उंचीत कमी पडलं तर खालची दुमड उलगडायची. जुन्या दुमडीची रेघ जात नाही, ती फितीखाली लपवावी लागते. मायाच ठेवली नसेल तर जोड देण्यावाचून मार्ग नाही.

गणमात्रा :
‘आखूड’ला मत नसतं हे क्रिकेटच्या समालोचनातही दिसतं. आखूड टप्प्याचा चेंडू मुद्दाम टाकतात, फलंदाजाच्या छातीवर यावा म्हणून. ‘तोकड्या टप्प्याचा’ म्हटलं तर गोलंदाजाची कीव केल्यासारखं होईल. आणि आखूडशिंगी, बहुदुधी गाय! तिथे तर आखूड असणं हा गुण आहे.

वाचनमात्र :
मग विहिरीवरचा दोर? दोर आखूड आहे, दोर तोकडा आहे, दोर थिटा पडला. तिन्ही ऐकलेलं आहे.

मुद्राराक्षस :
तिन्ही बरोबर, आणि तिन्ही वेगळी. ‘आखूड आहे’ ही दोराची माहिती झाली, विहीर समोर नसली तरी चालते. ‘तोकडा आहे’ म्हणजे या विहिरीला हा दोर ठेवणाऱ्याला जरा बोल. ‘थिटा पडला’ म्हणजे पोहरा सोडला, आणि तो पाण्याच्या वर लोंबकळत राहिला. प्रयत्न झाल्याशिवाय थिटेपण कळत नाही, म्हणून ‘थिटा’ बहुतेक वेळा ‘पडणे’ला चिकटून येतो. ‘तोकडा’ मात्र नामाच्या आधी निवांत बसतो : तोकडे कपडे, तोकडी मदत, तोकडं ज्ञान.

आडवळण :
‘थिटी बुद्धी’, ‘थिटे प्रयत्न’ हेही नामाच्या आधीच आहेत की.

मुद्राराक्षस :
आहेत. पण तिथेही काहीतरी गाठायचं राहिलेलं असतं. बुद्धी थिटी ती एखादं कोडं सोडवायला. ज्याच्या समोर कोडंच नाही त्याची बुद्धी थिटी म्हणत नाहीत, मंद म्हणतात.

जमाखर्च :
हिशेबातले शब्द ठरलेले आहेत आणि तिथे अदलाबदल केली तर कागद परत येतो.

‘तूट’ म्हणजे दोन बाजूंमधला फरक. महसुली खर्चातून महसुली जमा वजा केली की महसुली तूट. एकूण खर्चातून महसुली जमा आणि कर्जाखेरीजची भांडवली जमा वजा केली की राजकोषीय तूट, म्हणजेच जेवढं उसनं काढावं लागणार तेवढं. तूट ही नेहमी आकड्यात येते. ‘बरीच तूट’ बोलण्यात चालतं, ताळेबंदात नाही.

‘अपुरी शिल्लक’ हा वेगळा प्रकार. धनादेश वटला नाही की बँकेच्या पत्रात हेच कारण असतं. इथे काही तुटलेलं नाही. मागणी किती ते धनादेशावर लिहिलेलं आहे आणि खात्यात तेवढं नाही. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम १३८ खाली जायचं तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने रक्कम दिली नाही तर पुढची तक्रार. वकिलाच्या नोटिशीत ‘तोकडी शिल्लक’ लिहिलं तर समोरचा वकील आधी हसेल, मग उत्तर देईल.

मनुष्यबळाचंही तेच. मंजूर पदं ४० आणि भरलेली २८, तर मनुष्यबळ अपुरं. मंजूर पदंच कमी आहेत अशी तक्रार असेल तर ‘तोकडं’ म्हणा, ते तुमचं मत. बातमीत पहिलं, अग्रलेखात दुसरं.

काथ्याकूट :
आणि पगार?

जमाखर्च :
तुटपुंजा. ‘तूट’ आणि ‘पुंजी’ एकत्र आलेला शब्द आहे, मुळात भांडवल थोडं असणाऱ्याचा. म्हणून तो पैशाअडक्याला आणि साधनसामग्रीला शोभतो : तुटपुंजा पगार, तुटपुंजी मदत, तुटपुंजी शिबंदी. तुटपुंजी बाही होत नाही, तुटपुंजा दोर होत नाही.

झणझणीत :
सरकारने दिलेली तुटपुंजी मदत म्हणजे उंटाच्या तोंडात जिरे.

आडवळण :
ती म्हण हिंदीतून आलेली आहे. मराठीत ‘दर्यामें खसखस’ म्हणा.

काथ्याकूट :
‘दर्यामें’ मधला ‘में’ कोणत्या मराठीतला?

आडवळण :
पिढ्यान्‌पिढ्या मराठीत नांदतोय, आता त्याला परका कोण म्हणणार? हवं तर ‘हत्तीच्या दाढेखाली मिऱ्याचा दाणा’ घ्या.

शून्यशेष :
‘उणा’ हा या घराण्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात लपून बसलेला. संस्कृत ‘ऊन’ म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे एक + ऊन + विंशति, एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. नव्व्याण्णव मात्र या रांगेत नाही, तो नवनवतिवरून आला.

पाऊण म्हणजे पाद + ऊन, पावभर कमी. म्हणून पावणेदोन म्हणजे दोनाला पाव उणा. सव्वा म्हणजे पावासकट, साडे म्हणजे अर्ध्यासकट. नुसता ‘पाऊण’ म्हटलं की एकाला पाव उणा, तिथे एक गृहीत.

श्राद्धांच्या नावांतही हाच ऊन आहे : ऊनमासिक, ऊनषाण्मासिक, ऊनाब्दिक. महिना, सहा महिने, वर्ष पुरं व्हायच्या आत करायची ती.

वाचनमात्र :
ऊन म्हणजे कमी, हे विदर्भात मे महिन्यात कोणाला सांगू नका.

शून्यशेष :
ते ऊन ‘उष्ण’वरून आलेलं. नावापुरता भाऊ.

झणझणीत :
पावणे म्हणजे कमी असलेले. आता कळलं पावणे आले की साखर का कमी पडते.

आडवळण :
धागा घसरायच्या आत एक व्याकरणाचा मुद्दा. आज ‘उणा’ जवळजवळ नकारातच जगतो. ‘तो कशातही उणा नाही’, ‘तसूभरही उणं नाही’. होकारी ‘तो उणा आहे’ कानाला अर्धवट लागतं, पुढे ‘कशात?’ असं विचारावंसं वाटतं. म्हणून मूळ यादीतलं तिसरं वाक्य खटकतं. ‘देणगी गेल्या वर्षीपेक्षा पाच हजारांनी उणी’ करा, लगेच बसतं. उण्याला जोडीदार लागतो हे मुद्राराक्षस यांचं म्हणणं इथे पटतं.

नामं मात्र धडधाकट आहेत : उणीव, उणेपणा, उणंदुणं. गणितातलं उणे चिन्हही.

रंधा :
तसूभर हे शब्दशः घ्या. एका गजाचे २४ तसू. आता सुतारकामात इंच आणि सूत चालतं, एका इंचाचे आठ सूत. ‘दोन सूत कमी आली’ म्हणजे पाव इंच. इथे ‘कमी पडणे’पेक्षा ‘कमी येणे’ जास्त वापरात, कारण फळी मापाला लावून बघितली की ती कमी ‘येते’. मापाआधी तिच्याबद्दल काही म्हणायचं नसतं.

का कमी येते? करवतीच्या पात्याची जाडी धरलेली नसते. एका फळीतून चार तुकडे काढायचे तर तीन काप, आणि प्रत्येक काप साधारण सूतभर लाकूड भुशात घालवतो. तीन सूत तिथेच गेले. रंध्याने साफ केलं की आणखी थोडं. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फट नेहमी फळीच्या कडेला दिसते, टोकाला नाही. फट राहिली तर त्याच लाकडाची चीप काढून, रेषा जुळवून, सरस लावून ठोकतात. लांबीत कमी आलेली फळी सांधत बसण्यापेक्षा लहान कामाला ठेवून दुसरी घेतलेली बरी.

पायली :
सुतारकामात ‘येणे’, तसं धान्याच्या मापात ‘भरणे’. पोतं कमी भरलं, किलोला पन्नास ग्रॅम कमी भरले. पूर्वीच्या मापात दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, त्यावर मण, आणि वीस मण म्हणजे खंडी. यात गंमत शिगेची. माप भरल्यावर वर जो ढीग राहतो ती शीग. शीग लावून मोजलं की एक पायली, आणि हात फिरवून सपाट केलं तर तीच पायली कमी. देताना सपाट, घेताना शिगेने, हा भांडणाचा जुना मार्ग. आनंद शिगेला पोचतो तो याच शिगेला.

वजनात खोट असली तर ‘काटा मारला’, मापात असली तर ‘माप मारलं’. आणि कोणाचा दोष नसताना कमी भरलं तर ‘घट’. नवं धान्य वाळलं की घट येते. सोनाराकडेही घट असते, दागिना घडवताना झिजून जाणारं सोनं. एका तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६. गुंजभर कमी म्हणजे शंभरातला एक भागही कमी नाही असं वाटतं, पण आहे शंभरातल्या एका भागापेक्षा किंचित जास्त.

जमाखर्च :
पायली यांनी ‘घट’ आणि ‘तूट’ वेगळी केली हे छान. घट मालात, तूट हिशेबात. गोदामाच्या नोंदवहीत दोन्ही रकाने वेगळे हवेत. घट मंजूर करता येते, तूट कोणाच्या तरी नावावर पडते.

फोडणी :
स्वयंपाकात सगळ्यात कमी वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘अपुरा’. कमी असलेल्या वस्तूनुसार शब्दच बदलतो. मीठ कमी : अळणी. तिखट-मसाला कमी : सपक, मिळमिळीत. भाताला पाणी कमी : कणी राहिली. चकलीला मोहन कमी : कडक होते आणि दाताला लागते. मोहन जास्त झालं तर तेलात विरघळते, म्हणून वाटीभर भाजणीला चमचाभर कडकडीत तेल, आणि एक चकली आधी तळून बघायची. ‘आमटीत मीठ अपुरं आहे’ म्हणणारा माणूस शासन निर्णय वाचून जेवायला बसला असावा.

मोजणी माणसांची असते तेव्हा मात्र ‘पुरणे’. पीठ वीस पोळ्यांना पुरेल. भाजी पुरवून वाढा. पुरून उरली.

काथ्याकूट :
पुरण पुरलं का, हा प्रश्न घरी विचारावा की उत्खनन खात्यात?

फोडणी :
दोन वेगळी क्रियापदं आहेत. पुरणपोळीतलं पुरण भरण्याचं आहे. जमिनीत पुरणारं वेगळं.

आडवळण :
‘पुरणे’वरून आठवलं. याचं नकारी रूप आणि ‘कमी पडणे’ एकच नाहीत. ‘पैसे पुरले नाहीत’ यात पैसे खर्च झालेले आहेत, मग संपले. ‘पैसे कमी पडले’ यात काउंटरवरच अडलं, खर्च झालाच असं नाही. ‘पुरेना’ म्हटलं की हे वारंवार होतंय.

कोण कमी पडलं हेही बघा. ‘मला वेळ कमी पडला’ यात दोष वेळेचा. ‘मी वेळेत कमी पडलो’ असं कोणी म्हणत नाही. पण ‘मी कमी पडलो’ एवढंच म्हटलं तर सगळा दोष बोलणाऱ्याचा. निवडणूक हरल्यावरचं ‘आम्ही लोकांपर्यंत पोचण्यात कमी पडलो’ हे वाक्य म्हणूनच सोयीचं. कबुली आहे, पण किती आणि कशात ते सांगावं लागत नाही. ‘आम्ही अपुरे पडलो’ म्हटलं तर लगेच संख्याबळाची गोष्ट होते. ‘आम्ही थिटे पडलो’ यात समोरचा फार मोठा होता अशी सवलत मिळते.

मांडवीकाठ :
गोव्याकडून भर. कोंकणीत ‘उणें’ हा रोजचा शब्द आहे, आडवळण म्हणतात तसा नकारात अडकलेला नाही. ‘मीठ उणें जालां’ अगदी साधं वाक्य. आणि पुरेसं झालं की ‘पुरो’. मराठीने उणेची रोजची कामं फारसीतून आलेल्या ‘कमी’ला दिली आणि उणेला गणितात आणि गौरवपर भाषणात ठेवलं, असं इथून बघताना वाटतं.

शून्यशेष :
‘कसर’ही बाहेरूनच आलेला, पण त्याचं काम वेगळं. कसर राहते आणि कसर भरून काढता येते. थिटेपण भरून काढत नाहीत.

झणझणीत :
सरकारी पत्रातलं ‘त्रुटी’ राहिलं. ‘आपल्या अर्जातील त्रुटींची पूर्तता करावी.’ म्हणजे चूक आहे की काहीतरी जोडायचं राहिलंय?

जमाखर्च :
बहुतेक वेळा जोडायचं राहिलेलं. ‘पूर्तता’ शब्दावरून ओळखा. चूक असती तर ‘दुरुस्ती’ म्हणाले असते. पत्र आलं की आधी तेच बघा. पूर्तता मागितली असेल तर राहिलेला कागद, दिनांक आणि आवक क्रमांक लिहून जोडायचा, अर्ज नव्याने भरायचा नाही. नव्याने भरला तर जुन्या अर्जाचा क्रम जातो.

पाणलोट :
टंचाई, तुटवडा, चणचण, वानवा हेही घ्या. पाण्याची टंचाई, खताचा तुटवडा, पैशाची चणचण, चांगल्या माणसांची वानवा. पहिल्या दोघांत थोडी अदलाबदल चालते, शेवटच्या दोघांत नाही. पाण्याची चणचण कोणी म्हणत नाही.

पाण्याच्या नियोजनात ‘तुटीचं खोरं’ ही व्याख्या केलेली संज्ञा आहे. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात उपखोऱ्यांची वर्गवारी दर हेक्टर लागवडीयोग्य क्षेत्रामागे किती घनमीटर पाणी, यावर केली. १५०० पर्यंत अतितुटीचं, ३००० पर्यंत तुटीचं, ८००० पर्यंत सर्वसाधारण, १२००० पर्यंत विपुल, त्यापुढे अतिविपुल. इथे तूट पावसाची नाही, क्षेत्राच्या मानाने पाण्याची आहे. त्यामुळे एखाद्या वर्षी धो धो पाऊस पडला तरी खोरं तुटीचंच राहतं, आणि त्या वर्षी टंचाई नसते. वर्तमानपत्रात ‘तुटीच्या खोऱ्यात पूर’ असा मथळा विनोदी वाटतो, पण चूक नाही.

पैसेवारीत, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजात, आणखी एक शब्द सापडेल : ‘आत’. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली. कमी हा शब्द न उच्चारता कमी.

वाचनमात्र :
मूळ चौथं वाक्य राहिलं. ‘अपुरी उंची’त काय वाईट? पोलीस भरतीत उंची अपुरी म्हणून बाद करतात.

रंधा :
तिथे माप जाहीर आहे, पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. मग अपुरी म्हणता येतं. तरी मैदानावर ‘उंचीत बसला नाही’ म्हणतात. शेडची किती उंची हवी ते त्या वाक्यात कुठे आहे?

मुद्राराक्षस :
बरोबर. ‘साठवणीसाठी १४ फूट उंची लागते, शेडची अपुरी पडते’ असं केलं तर चालेल. ‘पडते’ मुद्दाम लिहितोय. ‘अपुरी राहिली’ केलं तर बांधकामच अर्ध्यावर थांबलं असं होईल. पडणे म्हणजे मात्रा कमी, राहणे म्हणजे काम पुरं झालं नाही. ‘निधी अपुरा पडला म्हणून इमारत अपुरी राहिली’, एका वाक्यात दोन्ही. आणि ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ म्हणजे ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं. तिथेही हवा तो आकडा ठाऊक आहे.

टंकनाचंही सांगतो, मुद्रितात सात ठिकाणी ‘अपुर्या’ आलंय. रफार नको. आधी ऱ, मग त्याचा पाय मोडायचा, मग या : अपुऱ्या. ‘अपूर्ण’ घेतला तर ही कटकट नाही, तो विभक्तीत बदलत नाही. पण ‘अपूर्ण पगार’ म्हणजे हप्त्याने आलेला पगार वाटतो, तेव्हा जपून.

गणमात्रा :
पहिल्या वाक्याबद्दल कोणी बोललं नाही. शब्द थिटे पडतात की अपुरे, हाच तर मथळा होता.

छंदाच्या बाजूने बघा. ‘थिटे’ म्हणजे लगा, लघु आणि गुरू. ‘तोकडे’ म्हणजे गालगा. ‘अपुरे’ म्हणजे ललगा. भुजंगप्रयातात लगागा चार वेळा येतं, सलग दोन लघू कुठेच येत नाहीत. त्यामुळे ‘अपुरे’ त्या वृत्तात शिरूच शकत नाही, ‘अपूरे’ असं ओढून ताणून घातल्याशिवाय. ‘थिटे’ अगदी चरणाच्या आरंभालाही बसतं : ‘थिटे शब्द’ म्हणजे लगागाल, पुढचा गण सुरूही झाला. वृत्तात लिहिणाऱ्यांच्या हाताशी ‘थिटे’ आधी येतो याचं अर्धं कारण हे असावं, असा माझा तर्क.

उरलेलं अर्धं कारण अर्थाचं. शब्द संपलेले नसतात, कितीही असले तरी जिथे पोचायचं तिथे पोचत नाहीत. ‘अपुरे’ म्हटलं की आणखी दोन-चारशे शब्द दिले असते तर जमलं असतं असा अर्थ निघतो.

चरणात अक्षर कमी पडलं तर संस्कृतात च, वै, तु, हि घालून भरतात. त्याला नावही ‘पादपूरण’. पुन्हा पुरणेच.

काथ्याकूट :
स्मरणिकेतल्या लेखाला जागा किती आहे?

मुद्राराक्षस :
दीड पान. लेख सव्वादोन पानांचा आलाय.

काथ्याकूट :
मग शब्द अपुरे नाहीत हे नक्की.

मुद्राराक्षस :
पहिलं ‘थिटे’ केलं. दुसरं ‘अपुरं’, आणि मंजूर पदांचा आकडा संस्थेकडून मागवलाय. तिसऱ्यात गेल्या वर्षीची रक्कम टाकून ‘उणी’च ठेवतोय. ‘तुटपुंजी’ लिहिलं तर देणगीदारांना लागेल. चौथं रंधा म्हणतात तसं.

आडवळण :
तिसऱ्यात ‘उणी’ नको, ‘कमी’ करा. देणगीदार वर्गणीची पावती वाचतात, एकोणिसाची व्युत्पत्ती नाही.

मांडवीकाठ :
आमच्याकडे छापलीत तर ‘उणी’च ठेवा.